थंडीतली चूल : धूर घरातच का फिरतो?



पहाटेच्या गारठ्यात चूल पेटवायची म्हणजे आधी डोळ्यांतून पाणी, मग चहा! मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आमच्या निर्धूर चुलीचा धूर उन्हाळ्यात सरळ वर जातो, मग थंडीतच घरात का फिरतो?"

त्याचं असं आहे. गरम हवा हलकी, गार हवा जड. रात्रभरात धुराड्याच्या पाइपात गार हवा भरून राहते. खाली जाळ केला की ती बुचासारखी आडवी येते आणि धूर चुलीच्या तोंडातून आपल्या तोंडावर. म्हणून आधी पाइप गरम करायचा. मागच्या वैलात, पाइपाला लागून, मूठभर वाळलेलं चिपाड पेटवा. मिनिटभर भगभगू द्या. धूर वर ओढला जायला लागला की वैलावर भांडं ठेवून तो झाका, नाहीतर तिथूनही धूर निघतो. मग पुढे बारीक तुरकाट्या, वर पऱ्हाट्या, आणि त्यांनी नीट पेट घेतला की मगच जाड लाकूड. आपण घाईत आधीच मोठा ओंडका घालतो, मीसुद्धा घातलाय!

एवढं करूनही धूर येत असेल तर पाइपात काजळी साचली असेल. चूल थंड असताना ती झाडून घ्या. चुलीच्या तोंडाशी राखेचा ढीगही नको, हवा आत जायला वाट हवी.

आणि सरपण ओलं असेल तर कसलीच युक्ती चालत नाही. बरीच आच पाणी आटवण्यातच जाते. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघा. टणटण वाजली तर वाळलेली, ढप्प वाजली तर अजून ओली. लाकूड फोडून, विटांवर, छपराखाली रचलं की लवकर वाळतं. लवकर पेटावं म्हणून निखाऱ्यावर रॉकेल मात्र कधीच ओतू नका. भडका थेट अंगावर येतो. पदर आधी खोचून घ्या.

आता खरं सांगायचं ते. मागच्या हिवाळ्यात मी एका गावात मुक्कामाला होते. थंडी म्हणून घमेल्यात निखारे घेतले, दार-खिडकी लावली आणि झोपले. धूर अजिबात नव्हता, म्हणून निर्धास्त. रात्री मळमळून जाग आली, डोकं फुटतंय, उभं राहिलं तर पाय लटपटतायत. घरच्या आजींनी दार उघडून ओढतच अंगणात आणलं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस बेशुद्ध होतो, जीवही जातो. मी समाजकार्य शिकलेली, पण हे तेव्हा सुचलं नाही.

तेव्हा शेकोटी अंगणातच. शेगडी, घमेलं झोपायच्या खोलीत नको, बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नको. बाळाला शेक देतोच आपण, पण मग दार उघडं ठेवा आणि शेकून झालं की निखारे लगेच बाहेर न्या. एकाच खोलीत दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, चक्कर आली, तर "थंडी बाधली" म्हणून झोपवू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा.