‘प्रलय’ शब्दाचा अर्थविचार

नदीने काठ सोडला आणि पाणी गावात शिरले, की आपल्या तोंडी ‘प्रलय’ हा शब्द येतो. वर्तमानपत्रे त्याला आणखी ‘जल’ जोडून ‘जलप्रलय’ असे मोठ्या अक्षरांत छापतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तो प्रलय. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तोही प्रलय. आम्हीही कीर्तनात हा शब्द वर्षानुवर्षे याच अर्थाने वापरीत आलो. त्याचा नीट विचार करण्याची पाळी आमच्यावर कशी आली, ते आधी सांगितले पाहिजे.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांनी सांगली-कोल्हापूरकडे जो कहर केला तो सर्वांस ठाऊक आहे. कृष्णाकाठच्या एका गावचा श्रावणातला सप्ताह त्यामुळे राहिला होता. तो भाद्रपदात उरकून घ्यावा असे ठरले व एक सेवा आमच्याकडे आली. गावात गेलो तो घराघराच्या भिंतीवर पुरुषभर उंचीला पाण्याची रेघ, आणि देवळाच्या ओवरीत भिजल्या धान्याचा वास. मंडळी मात्र टाळ घेऊन उभी. आम्ही निरूपणात आवेशाने सांगून गेलो, की बाबांनो, हा प्रलय भगवंताने दाखविला, धर्म सुटला म्हणून दाखविला. कुणी काही बोलले नाही. कीर्तन उतरल्यावर एक आजीबाई पाया पडायला आल्या. वय ऐंशीच्या पुढचे. पाया पडून झाल्यावर त्या तिथेच बसून म्हणाल्या, “म्हाराज, परलय झाला आसता तर गाळ काढाया आमी ऱ्हायलो आसतो व्हय? ह्यो पूर हुता.”

आम्हांला उत्तर सुचले नाही. लहानपणी गुरुजींपुढे बसून कौमुदी घोकलेली, आणि शब्दाचा अर्थ सांगितला कुणी, तर गाळ उपसून हात सोललेल्या बाईने. घरी आल्यावर पोथ्या काढून बसलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रलय या शब्दात पाणी नाही. कुठेच नाही. ‘प्र’ हा उपसर्ग आणि ‘ली’ हा धातू. इकारान्त धातूंना पाणिनीने जो अच् प्रत्यय सांगितला आहे तो लागला, ईचा गुण होऊन ए झाला, त्याचा अय् झाला, आणि ‘लय’ सिद्ध झाला. जि पासून जय, क्षि पासून क्षय, तसाच ली पासून लय. आता या ली धातूचा अर्थ काय? धातुपाठात अर्थ दिला आहे श्लेषण, म्हणजे चिकटणे, मिठी पडणे. मोडणे नव्हे, बुडणे नव्हे, वाहून जाणे तर नव्हेच. एक वस्तू दुसरीला अशी चिकटली की तिचे निराळेपण उरले नाही, तो लय. आणि ‘प्र’ लावून प्रकर्षाने तसे होणे, तो प्रलय. मृदंग आणि टाळ एकजीव झाले की आपण ‘लय साधली’ म्हणतो, तोही याच धातूचा शब्द. (कीर्तनात श्रोत्याला डुलकी लागते तिलाही वेदान्ती लयच म्हणतात आणि समाधीच्या विघ्नांत तिची गणना करतात, पण तो विषय वेगळा, आणि थोडा आमच्यावरच उलटणारा.)

शब्दाची साक्ष आणखी एका ठिकाणी मिळते. प्रलय म्हणजेच जर महापूर, तर ‘जलप्रलय’ म्हणताना जल कशाला जोडावे लागते? मूळ शब्दात पाणी नाही, म्हणून बाहेरून आणावे लागते.

गीतेत पाहा. सातव्या आणि नवव्या अध्यायांत भगवंत आपणांस जगाचा प्रभव आणि प्रलय म्हणवितात. म्हणजे जग जेथून निघते आणि जेथे मिळते ते ठिकाण. चौदाव्या अध्यायात सत्त्वगुण वाढलेला असता देह सोडणाऱ्याची गती सांगितली आहे, तेथे प्रलय म्हणजे एका जीवाचे मरण. यांत कोठेही पाऊस पडत नाही.

मग पाणी आले कोठून? ते पुराणांतून. विष्णुपुराणात आणि भागवताच्या बाराव्या स्कंधात प्रलयाचे चार प्रकार सांगितले आहेत : नित्य, नैमित्तिक, प्राकृत आणि आत्यंतिक. जीव रोज मरतात तो नित्य. वेदान्ती गाढ झोपेलाही नित्य प्रलय म्हणतात. ज्ञान होऊन जीव परमात्म्यात मिळतो तो आत्यंतिक, म्हणजे मोक्षच! ज्या शब्दाने आम्ही त्या गावाला भिवविले, त्याच शब्दाचा चौथा अर्थ मिळावा म्हणून आपण माळ ओढतो. राहिले दोन. ब्रह्मदेवाचा दिवस संपतो तेव्हाचा तो नैमित्तिक, आणि पाण्याचे वर्णन त्यात आहे. परंतु क्रम ध्यानात घ्यावा. विष्णुपुराण म्हणते, आधी शंभर वर्षे अवर्षण पडते. मग सूर्याचे सात सूर्य होतात. मग काळाग्नी तिन्ही लोक जाळतो. त्यानंतर संवर्तक मेघ येतात, शंभर वर्षांवर वर्षतात, आणि ती आग विझते. तेव्हा पाणी तेथे जाळायला-मारायला आलेले नाही. मारण्याचे काम आधीच उरकलेले असते, पाणी विझवायला आले आहे. प्राकृत प्रलयात तर पाण्याची स्वतःचीच गत लागते. पृथ्वीचा गंध पाणी गिळते, पाण्याचा रस तेज गिळते, तेजाचे रूप वायू, वायूचा स्पर्श आकाश. पाणी ही त्या उतरंडीतली एक घागर आहे, इतकेच.

येथे कोणी शंका घेईल, की सांख्य तर नाशालाच कारणात लय होणे म्हणतात. मग पुराने मातीची भिंत विरघळून मातीत मिळाली, तो लय का नव्हे? शंका बरोबर आहे. त्या भिंतीचा लय झालाच. पण तिची तुळई दोन कोस खाली जाऊन अडकली, उंबऱ्याचा दगड जागीच राहिला, आणि घरधनीण टेकडीवर बसून हे सारे पाहत होती. पाहणारा उरला तेथे ‘प्र’ लागत नाही. आजीबाईंचे म्हणणे ते हेच.

मग महापुराला आपल्या पूर्वजांचा शब्द कोणता? मनू आणि मत्स्याची सर्वांत जुनी सांगितलेली कथा शतपथ ब्राह्मणात आहे. सकाळी हात धुवायच्या पाण्यात मनूला लहानसा मासा सापडतो. तो म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. कशापासून? तेथे प्रलय हा शब्दच नाही. शब्द आहे ‘औघ’, म्हणजे आपला ओघ. आणि त्याला जोडलेले क्रियापद वह् धातूचे, वाहून नेईल अशा अर्थाचे. पुढे भागवतात हीच कथा सत्यव्रत राजाची होऊन येते, कृतमाला नदीच्या काठी घडते, नावेला वासुकीचा दोर लागतो; आणि तोवर ओघाचा प्रलय झालेला असतो. आमच्या मते आपला घोटाळा येथूनच आला.

आणि आपल्या घरातला ‘पूर’ हा शब्द काय वाईट आहे? पूर् धातूचा अर्थ भरणे आणि तृप्त करणे. पोळीतले पुरण त्याचेच, दाणागोटा पुरतो तेही त्याचेच, आणि ताटात वाढणाऱ्याला आपण ‘पुरे’ म्हणतो तेही त्याचेच. नदी भरते तो पूर. आपण ‘पुरे’ म्हणू लागलो तरी ती वाढतच राहते तो महापूर. ओघ वाहून नेतो, पूर भरतो, प्रलय मिळवून टाकतो. तीन शब्द, तीन कामे.

कोणी म्हणेल, बुवा, शब्द काही असो, माणसे बुडाली ना? होय, आणि म्हणूनच शब्द नीट हवा. पानशेतचे धरण पुरते बांधून होण्याआधीच त्यात पाणी साठविले होते. त्याला प्रलय म्हटले, की पाणी कोणी अडविले, का अडविले, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. प्रलय तर काळाचा. पुराला मात्र विचारता येते. नदीच्या पात्रात भराव कोणी घातला, वरच्या धरणाचे पाणी केव्हा सोडले, निरोप गावात किती वाजता आला, हे सारे प्रश्न पुराचे आहेत. आम्ही त्या दिवशी ते सगळे प्रश्न बाजूला सारून दोष ऐकणाऱ्यांच्याच पदरी बांधला. ज्यांचे घर गेले त्यांनाच अधर्मी ठरविले. त्याची लाज अजून वाटते.

आता प्रलयाचा आपल्या संप्रदायाला जवळचा असा एक अर्थ राहिला. ‘अष्टसात्त्विक भाव दाटले’ असे आपण कीर्तनात पदोपदी म्हणतो. हे आठ भाव भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितले : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू. हे सात झाले. आठवा कोणता, असे टाळकऱ्यांना विचारून पाहा. आम्ही विचारले आहे; बहुधा सातावर थांबतात. आठवा आहे प्रलय. म्हणजे भान हरपणे, देहाची शुद्ध न राहणे. विठ्ठलापुढे उभा राहून डोळे भरले तो सातवा भाव. आणि आपण कोण, कोठे उभे आहो, हेच ज्याला उमगेनासे झाले, त्याला शास्त्राने आठवा दिला. पाणी पाहायचेच असेल तर ते सातव्यात आहे, प्रलयाच्या एक पायरी अलीकडे.

पुढल्या वर्षी टाळेबंदीमुळे त्या गावी जाणे झाले नाही. नंतर गेलो तेव्हा आधी आजीबाईंचे घर विचारले. त्या ओसरीवर बसल्या होत्या. पुरात भिजलेली ज्ञानेश्वरीची प्रत त्यांनी टाकली नव्हती. पाने एकमेकांना घट्ट चिकटली होती, ती त्या सुरीच्या पात्याने एकेक सोडवीत होत्या. आम्ही शतपथातली गोष्ट काढली : पाणी ओसरू लागले तेव्हा मत्स्याने मनूला बजावले, की एकदम उतरू नकोस, पाणी जसे उतरेल तसतसा खाली ये; आणि उत्तरेच्या पर्वतावरील त्या उताराला मनूचे अवसर्पण असे नावच पडले. आजीबाई म्हणाल्या, “खरं हाय. आमी घाई केली, घसरून पडलो गाळात.” आणि पुढचे पान सोडवू लागल्या.