नियमगिरीचा देव आणि त्याचे राखणदार

देवस्थानाच्या जागेसंबंधी काही प्रश्न निघाला, म्हणजे प्रथम महाजनांना विचारावे हा आपला शिरस्ता आहे. त्यांच्या संमतीवाचून सभामंडपाचा खांबही कोणी हलवीत नाही. परंतु ज्या देवाला मंडप नाही, कळस नाही, अखंड डोंगर हेच ज्याचे स्थान, त्याचे महाजन कोणास मानावे? प्रस्तुत पाठात ह्या प्रश्नाचा विचार ओडिशातील नियमगिरीच्या उदाहरणाने करावयाचा आहे.

रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांत पसरलेल्या ह्या पर्वतावर डोंगरिया कोंध ह्या आदिवासी समाजाची वस्ती असून ‘नियमराजा’ हे त्यांचे दैवत होय. त्याने घालून दिलेले नियम हाच त्यांचा आचारधर्म. माथ्यावरील अरण्यास हात लावू नये, हा त्यांतील एक. उतारावर ते नाचणी, हळद, अननस पिकवितात आणि स्वतःला ‘झरनिया’, म्हणजे झऱ्यांचे राखणदार, म्हणवितात. ही नुसती भाबडी श्रद्धा नव्हे. माथ्यावरचा बॉक्साईटचा थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि ते झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. वंशधारा नदीचा उगम ह्याच डोंगरांत आहे.

नेमका तोच थर खाणीसाठी हवा होता. पायथ्याशी लांजीगड येथे वेदान्त कंपनीचा कारखाना खाणीस परवानगी मिळण्यापूर्वीच उभा राहिला. २०१० साली सक्सेना समितीच्या अहवालानंतर केंद्र सरकारने वनजमीन देण्याचे नाकारले व वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले की, कोंधांच्या उपासनेच्या हक्कास खाणीने बाध येतो काय, हे ग्रामसभांनी विचारात घेऊन ठरवावे. शंभराच्या आसपास वस्त्या असता त्यांतील अवघी १२ गावे निवडण्यात आली. त्यावर आक्षेप निघाला आणि तो रास्तच होता. तथापि जुलै-ऑगस्टमध्ये न्यायाधीशांच्या देखत भरलेल्या त्या बाराही सभांनी एकमुखाने नकार दिला.

ह्या प्रकरणातील एक मुद्दा भाविकांनी विशेष लक्षात घ्यावा. नियमराजाचे पूजास्थान हुंडलजली शिखरावर असून नियोजित खाण तेथून सुमारे १० किलोमीटर दूर आहे, असे न्यायालयापुढे सांगण्यात आले होते. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, देव एका शिखरावर बसलेला नाही. सारा डोंगर, त्याचे झरे, त्याची झाडे म्हणजेच तो. देवाचे अंतर किलोमीटरांत मोजणाऱ्यास हे उमगणे कठीण! मात्र म्हणून नियमराजाला आपल्या देवांच्या पंक्तीत बसविण्याचीही घाई करू नये. तो त्यांचा आहे, आणि त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकारही त्यांचाच.

जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीस अंतिम नकार दिला. पुढे २०१६ साली ग्रामसभा पुन्हा घेण्याची मागणी झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला अधिकार केवळ नकार देण्यापुरता नाही. सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचाही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा आपल्या बांबूची वाहतूक स्वतःच्या परवान्याने करू लागली. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप ह्या समाजांची गणना २००३ साली अनुसूचित जमातींत झाली. परंपरेने राखलेल्या देवराया येथेही आहेत. सत्तरीतील बांबर येथील ‘निरंकाराची राय’ जायफळाच्या कुळातील पाणथळ वृक्षांसाठी प्रसिद्ध आहे. अशा रायांना खाणीइतकाच धोका कधी कधी आपल्या भक्तीपासूनही असतो. मूळच्या उघड्या पाषाणावर काँक्रीटचे देऊळ चढते, मग मंडप, मग गाड्यांसाठी मोकळी जागा, आणि त्यासाठी झाडे तोडली जातात. हे सर्व वर्गणीतून होते.

तेव्हा राईतील जीर्णोद्धाराचे पावतीपुस्तक घरी आले, तर सदस्य कुटुंबांनी दोन गोष्टी विचाराव्या: ती राई पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्यांच्या सभेचा ठराव झाला आहे काय, आणि किती झाडे जाणार आहेत. ठराव नसेल तर पावती फाडू नये.