कॉलेजची वीज : आधी गळती थांबवा, मग पॅनेल बसवा



विहिरीचे पाणी पाटातच मुरत असेल, तर शहाणा शेतकरी आधी पाट दुरुस्त करतो. दुसरी विहीर खोदायला घेत नाही. विजेचेही तसेच आहे. साखर कारखान्यांच्या परिसरात शाळा-कॉलेजे उभी राहिली. लोणी आणि वारणानगर येथील अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ सालची. आता अशा ठिकाणी छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विषय निघतो. विषय चांगलाच आहे. पण त्याआधी एक हिशोब आपण करून पाहू.

पंख्याचा हिशोब

एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो. समजा, वर्ग आणि वसतिगृह मिळून ४०० पंखे रोज १० तास फिरतात. म्हणजे ३० किलोवॅट भार, आणि दिवसाला ३०० युनिट.

बीएलडीसी मोटरचा पंखा जवळपास तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. मग रोजचे १२० युनिट झाले, १८० वाचले. वर्षाचे २५० दिवस धरा : ४५,००० युनिट. युनिटला ८ रुपये दर समजला, तर ३ लाख ६० हजार रुपये! हा पैसा शेवटी कुठून जातो? आपल्याच मुलांच्या फीमधून.

आता हेच १८० युनिट पॅनेलवर काढायचे म्हटले तर? आपल्याकडे १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज साधारण ४ युनिट देते. म्हणजे ४५ किलोवॅट पॅनेल हवे, आणि किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट धरता साडेचार हजार चौरस फूट छत. पंखे बदलले तर एवढे पॅनेल घ्यावेच लागत नाही. उरलेल्या गरजेपुरते खुशाल बसवा.

मात्र सगळे पंखे एकदम बदलू नका. जो जास्त तास फिरतो तो आधी : वसतिगृह, वाचनालय. सभागृहातला पंखा महिन्यातून दोनदा फिरत असेल, तर तो राहू द्या.

कारखान्यात आपण हेच करतो. वाफेची बचत झाली तरच बगॅस शिल्लक राहतो, आणि बगॅस राहिला तरच वीज विकता येते.

बटण एकाच्या हाती, बिल दुसऱ्याच्या

आम्ही काही मंडळी एका कॉलेजात संध्याकाळी फेरी मारून आलो. मोकळ्या वर्गात पंखे फिरत होते. वसतिगृहाची टाकी भरून वाहत होती आणि खाली मोटर चालूच. भिंतीवर मात्र 'वीज वाचवा' अशी ठळक पाटी! मुलांना दोष देऊन काय उपयोग? ज्याच्या हातात बटण, त्याला बिल दिसत नाही. ज्याला बिल दिसते, त्याला कोणत्या इमारतीत वीज गेली ते कळत नाही. सगळ्यांना मिळून एकच मीटर!

म्हणून धोरण म्हणजे पाटी नव्हे, धोरण म्हणजे ठराव. संस्थेच्या मंडळाने पुढील चार गोष्टी लिहून ठेवाव्यात :

१. प्रत्येक इमारतीला वेगळा उपमीटर लावावा आणि दरमहा आकडा फळ्यावर लिहावा.

२. पंखा, दिवा, पंप घेताना नुसती किंमत पाहू नये. वर्षाची वीजही धरावी. स्टार जास्त, वीज कमी.

३. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

४. वाचलेल्या पैशाचा वेगळा निधी ठेवावा. त्यातून पुढचे पंखे आणि मग पॅनेल.

आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. दरवर्षी १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी भाषणाऐवजी मुलांना मीटर वाचायला लावा. तो खरा पाठ.

घरी करून पाहा : आपल्या घरातले पंखे मोजा, वॅट आणि तास लिहा, महिन्याचे युनिट काढा. मग विजेचे बिल शेजारी ठेवा. हिशोब जुळला नाही, तर पाट कुठेतरी फुटला आहे असे समजा आणि शोधायला लागा.