‘टेंपेस्ट’ नाटकांतील सत्ता आणि क्षमा



ज्या माणसानें आपलें सर्वस्व हिरावून घेतलें तो बारा वर्षांनीं आपल्या मुठींत सांपडला, आपणांस जाब विचारणारा कोणी नाहीं, आणि शिक्षा करण्याचें सामर्थ्य मात्र पुरेपूर आहे. अशा प्रसंगीं आपण काय करावें? शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’ म्हणजे ‘तुफान’ या नाटकाचा सारा पसारा या एका प्रश्नाभोंवतीं उभारलेला आहे. या नाटकांत जादू आहे, गाणीं आहेत, विनोदही आहे. पण त्या सर्वांच्या आड हा प्रश्न सारखा उभा आहे. त्यांतील मुख्य पात्रांची ओळख करून घेऊन नाटककारानें या प्रश्नाचें उत्तर कसें दिलें आहे, तें पाहण्याचें या लेखांत योजिलें आहे.

प्रथम नाटकाविषयीं थोडी माहिती. शेक्सपिअर (१५६४–१६१६) यानें हें नाटक आपल्या नाट्यलेखनाच्या अखेरच्या काळांत, १६१०–११ च्या सुमारास लिहिलें. १ नोव्हेंबर १६११ रोजीं लंडन येथील व्हाइटहॉल राजवाड्यांत जेम्स राजापुढें त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. पुढें १६२३ मध्यें शेक्सपिअरच्या ३६ नाटकांचा मोठा संग्रह छापण्यांत आला, तेव्हां हें नाटक प्रथमच छापलें गेलें आणि संग्रहांत त्याला पहिलें स्थान मिळालें. त्याच्या थोडें आधीं, १६०९ सालीं, ‘सी व्हेंचर’ नांवाचें इंग्रजी जहाज अमेरिकेंतील व्हर्जिनिया वसाहतीकडे जात असतां तुफानांत सांपडून बर्म्यूडा बेटांच्या खडकांवर आदळलें. परंतु त्यावरील सुमारें १५० माणसांपैकीं एकही बुडालें नाहीं. पुढें त्यांनीं दोन नवीं जहाजें बांधलीं आणि तीं १६१० मध्यें वसाहतीस जाऊन पोहोंचलीं. ही हकीकत इंग्लंडांत समजली तेव्हां लोकांस मोठें नवल वाटलें. ‘टेंपेस्ट’मधील तुफानाची कल्पना शेक्सपिअरला यावरूनच सुचली असावी, असें अभ्यासक मानतात.

आतां कथानक पाहूं. मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो हा मोठा विद्याव्यासंगी. ग्रंथांत रमून त्यानें राज्यकारभार आपला भाऊ अँटोनिओ याजवर सोंपविला. भावाच्या मनांत लोभ शिरला. त्यानें नेपल्सचा राजा अलोन्झो याशीं संगनमत करून एका रात्रीं मिलानच्या वेशी शत्रूला उघडून दिल्या, आणि प्रॉस्पेरो व त्याची तीन वर्षांचीही न झालेली मुलगी मिरांडा यांना एका कुजक्या नावेंत घालून समुद्रांत सोडून दिलें. गोन्झालो नांवाच्या सज्जन सरदारानें दयेनें अन्न, पाणी, वस्त्रें आणि प्रॉस्पेरोचे आवडते ग्रंथ त्यांजबरोबर दिले होते. तीं दोघें वांचलीं आणि एका बेटाला लागलीं. बारा वर्षें लोटलीं. अलोन्झो आपल्या मुलीचें लग्न ट्यूनिसच्या राजाशीं लावून नेपल्सला परत निघाला असतां त्याचें जहाज या बेटाजवळ आलें. मंत्रविद्येंत पारंगत झालेल्या प्रॉस्पेरोनें एरिअल नांवाच्या वायुरूप सेवकाकरवीं तुफान उठविलें आणि आपले सारे शत्रु किनाऱ्यावर आणून टाकले. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाहीं. येथून पुढें अवघ्या चार तासांच्या आंत नाटक संपतें.

पहिलाच प्रवेश मोठा सूचक आहे. जहाज बुडूं लागलें आहे. राजा आणि सरदार वर येऊन खलाशांच्या कामांत अडथळा करीत आहेत. तेव्हां जहाजाचा तांडेल त्यांना खालीं जाण्यास स्पष्टपणें बजावतो. लाटांना राजाचें नांव ठाऊक नसतें, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. सत्ता किती पोकळ असूं शकते हें येथें एका साध्या खलाशाच्या तोंडून ऐकूं येतें. पण गंमत अशी कीं, या तुफानांतून वांचलेली माणसें बेटावर पाऊल ठेवितांच पुन्हां राज्याचींच स्वप्नें पाहूं लागतात. अलोन्झो झोंपला असतां अँटोनिओ राजाचा भाऊ सेबॅस्टिअन याला भर देतो कीं, यास ठार करून तूं राजा हो. भोळा गोन्झालो राजा नसलेल्या राज्याची कल्पना रंगवितो, आणि त्या राज्याचा राजा मात्र आपण होतो! स्टेफानो हा दारूबाज बुटलर. त्याला कॅलिबन भेटतो, आणि प्रॉस्पेरोला मारून या बेटाचें राज्य घे असें सुचवितो. राजवंशीयांचा कट आणि दारूबाजांचा कट या दोहोंचा सांचा शेक्सपिअरनें एकच ठेविला आहे: झोंपलेल्या माणसाचा जीव घ्यावयाचा आणि त्याच्या जागीं बसावयाचें. एक कट पाहून आपणांस भीति वाटते, दुसरा पाहून हसूं येतें. पण पाप दोहोंतही तेंच आहे.

मग प्रॉस्पेरो या सर्वांहून निराळा कसा? येथें वाचकानें घाई करूं नये. प्रॉस्पेरोनें अन्याय सोसला आहे हें खरें, पण तो सर्वस्वी निर्दोष नाहीं. आपण राज्याकडे दुर्लक्ष केलें आणि त्यामुळेंच भावाची दुष्ट बुद्धि जागी झाली, हें तो मिरांडेजवळ स्वतःच बोलून दाखवितो. एरिअलला सिकोरॅक्स नांवाच्या चेटकिणीनें चिरलेल्या पाइन वृक्षांत बारा वर्षें कोंडिलें होतें. तेथून प्रॉस्पेरोनें त्याला सोडविलें, पण आपला चाकर करून ठेविलें. एरिअल कबूल केलेल्या सुटकेची आठवण देतो, तेव्हां प्रॉस्पेरो त्याला पुन्हां बारा वर्षें ओक वृक्षांत कोंडण्याची धमकी घालतो. ज्याला भावानें हांकून दिलें, तोच दुसऱ्यावर सत्ता चालवितांना असा कठोर होतो.

कॅलिबनची गोष्ट याहूनही बिकट आहे. तो सिकोरॅक्सचा मुलगा. हें बेट आईकडून मला मिळालें आणि प्रॉस्पेरोनें तें घेतलें, असें त्याचें म्हणणें आहे. आरंभीं त्यानें नव्या पाहुण्यांना गोड्या पाण्याचे झरे आणि सुपीक जागा दाखविल्या. त्यांनीं त्याला भाषा शिकविली. पुढें त्यानें मिरांडेच्या अब्रूवर घाला घालण्याचा प्रयत्न केला, आणि तेव्हांपासून तो लांकडें वाहणारा गुलाम झाला. त्याचा अपराध लहान नाहीं. परंतु ‘बेट माझें होतें’ या त्याच्या म्हणण्याला प्रॉस्पेरो शिव्या देतो, त्याचे अपराध सांगतो, पण सरळ उत्तर देत नाहीं. शिवाय बेटावरील गोड नादांचें जें अत्यंत सुंदर वर्णन या नाटकांत आहे, तें शेक्सपिअरनें याच कॅलिबनच्या तोंडीं घातलें आहे. विसाव्या शतकांत, परकीय राज्यकर्त्यांच्या अमलाखालीं राहिलेल्या देशांतील लेखकांना कॅलिबनमध्यें आपलें चित्र दिसलें. मार्टिनिक बेटांतील कवि एमे सेझेर यानें १९६९ मध्यें हेंच कथानक कॅलिबनच्या बाजूनें पुन्हां लिहिलें.

पालकांनीं विशेष लक्ष द्यावें असाही एक भाग यांत आहे. अलोन्झोनें आपली मुलगी तिच्या मनाविरुद्ध दूरदेशीं दिली. परतीच्या प्रवासांत मुलगाही बुडाला असें समजून तो दुःखानें वेडापिसा होतो. उलट प्रॉस्पेरोच्या मिरांडेची आणि अलोन्झोचा मुलगा फर्डिनंड याची मनें जुळतात. तें व्हावें हीच प्रॉस्पेरोची इच्छा असते. तरी तो वरकरणी रागावून फर्डिनंडला ओंडके वाहावयास लावतो. सहज मिळालेली वस्तु हलकी वाटूं नये, हा त्याचा हेतु. राजपुत्र तें काम आनंदानें करितो आणि मिरांडा त्याला हात देऊं पाहते. ज्या कष्टाला कॅलिबन शिव्या देतो, तेच कष्ट येथें प्रेमानें हलके होतात. बापांचें वैर मुलांच्या लग्नांत विरून जावें अशी ही योजना आहे.

आतां मुख्य प्रसंग. शेक्सपिअरच्या काळीं रंगभूमीवर सूडाचीं नाटकें फार लोकप्रिय होतीं. त्याचें ‘हॅम्लेट’ याच वर्गांतलें असून गोपाळ गणेश आगरकर यांच्या ‘विकारविलसित’ (१८८३) या भाषांतरानें तें मराठी वाचकांच्या परिचयाचें झालें. तेथेंही भावानेंच भावाचें राज्य बळकाविलेलें आहे, आणि शेवटीं रंगभूमीवर प्रेतांचा खच पडतो. ‘टेंपेस्ट’चा आरंभ तसाच आहे, मग शेवट निराळा कां होतो?

पांचव्या अंकाच्या आरंभीं एरिअल येऊन सांगतो कीं, आपले शत्रु दुःखानें भ्रमिष्ट झाले आहेत, आणि वृद्ध गोन्झालोच्या दाढीवरून आंसवें ओघळत आहेत. आतां आपण त्यांना पाहिलें तर आपलें मन द्रवेल. मी माणूस असतों तर माझेंही द्रवलें असतें, असें तो म्हणतो. केवळ वायुरूप असलेल्या सेवकाचें हें बोलणें प्रॉस्पेरोच्या वर्मीं लागतें. वाऱ्याला जर दया येते, तर मी तर त्यांच्याच जातीचा माणूस आहें! त्याचा राग गेलेला नाहीं; अपकाराचें शल्य अजून मनांत आहे. पण रागाच्या विरुद्ध तो आपल्या विवेकाची बाजू घेतो, आणि सूडापेक्षां सदाचार श्रेष्ठ असें ठरवितो. क्षमा ही मनाला आपोआप येणारी लहर नसून समजून उमजून केलेला निश्चय आहे, हें येथें दिसून येतें.

या क्षमेचीं तीन लक्षणें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिलें असें कीं, क्षमा म्हणजे अन्यायास मान तुकविणें नव्हे. प्रॉस्पेरो भावाला तोंडावर त्याचा अपराध सांगतो, क्षमा करितो, आणि त्याबरोबरच आपलें राज्यही परत मागतो. सेबॅस्टिअन व अँटोनिओ यांनीं राजाला मारण्याचा जो घाट घातला होता, तोही आपणांस ठाऊक आहे असें तो त्यांना हळूच सुनावितो. पण अलोन्झोपुढें तें उघड करीत नाहीं.

दुसरें असें कीं, क्षमेचा स्वीकार करणें न करणें हें समोरच्याच्या हातीं असतें. अलोन्झो पश्चात्तापानें राज्य परत देतो आणि क्षमा मागतो. त्याला हरवलेला मुलगा मिरांडेशीं बुद्धिबळ खेळत असलेला दिसतो. अँटोनिओ मात्र क्षमेला एका शब्दानेंही उत्तर देत नाहीं. त्यानंतर तो तोंड उघडतो तें कॅलिबनला पाहून, आणि तेंही बाजारांत विकण्याजोगा मासा अशी त्याची टर उडविण्यासाठीं. शेक्सपिअरला त्याच्या तोंडीं पश्चात्तापाच्या चार ओळी घालणें कठीण नव्हतें. त्यानें त्या घातल्या नाहींत. तरीही प्रॉस्पेरो आपली क्षमा मागें घेत नाहीं.

तिसरें लक्षण सर्वांत कठीण आहे. क्षमा करण्याचें ठरवितांच प्रॉस्पेरो आपली मंत्रविद्या सोडण्याचा निश्चय जाहीर करितो. मंत्रदंड मोडून पुरून टाकीन आणि ग्रंथ खोल समुद्रांत बुडवीन, अशी त्याची प्रतिज्ञा आहे. ज्या सामर्थ्यानें शत्रूंना पुन्हां केव्हांही चिरडतां आलें असतें, तें हातांत राखून केलेली क्षमा ही एक टांगती तलवारच झाली असती. एरिअलला तो मुक्त करितो. कॅलिबनविषयीं बोलतांना, हा काळोखाचा प्राणी माझा आहे असें तो सर्वांसमक्ष कबूल करितो. ‘हा माझा गुलाम’ एवढाच याचा अर्थ, कीं ‘याच्या दुष्टपणांत माझाही वांटा आहे’ असा? दोन्ही अर्थ संभवतात. विद्यार्थ्यांनीं यावर वर्गांत वाद करावा. कॅलिबन स्वतः तर यापुढें शहाणपणानें वागण्याचें वचन देतो.

सर्व संपल्यावर प्रॉस्पेरो एकटा प्रेक्षकांपुढें येतो. आतां त्याजपाशीं मंत्र नाहींत, सेवक नाहीं. तो वीस ओळींच्या भाषणांत प्रेक्षकांची विनवणी करितो कीं, तुम्हांस जशी आपल्या अपराधांची क्षमा हवी असते, तशी मलाही देऊन येथून सोडवा. ज्यानें राजाला क्षमा केली, तो अखेर सामान्य प्रेक्षकांपुढें क्षमेचा याचक होऊन उभा राहतो. क्षमा करणारा उंच आसनावर आणि क्षमा घेणारा पायांशीं, अशी आपली समजूत असते. शेक्सपिअरनें ती येथें पार पुसून टाकली आहे.

मित्रहो, आपल्यापाशीं मंत्रदंड नाहीं आणि आपणांस कोणी राज्यावरून हांकून दिलेलें नाहीं. परंतु ज्यानें आपणांस दुखविलें तो आपल्या तावडींत सांपडला, असा क्षण वर्गांत, खेळाच्या मैदानावर आणि घरींही येतो. मोठ्या माणसांना तर तो पुष्कळदां येतो, कारण लहानांवर त्यांची सत्ता चालते. त्या क्षणीं खरें तें स्पष्ट सांगावें, आपला न्याय्य हक्क सोडूं नये, आणि हातांतील काठी मात्र खालीं ठेवावी. हें किती अवघड आहे हें जाणून घ्यावयाचें असेल, तर या नाटकाचा पांचवा अंक घरीं सर्वांनीं मिळून मोठ्यानें वाचावा, आणि अँटोनिओ कां बोलत नाहीं याचा प्रत्येकानें आपल्याशीं विचार करावा.