मुरमाच्या खाणीची आखणी

गावच्या रस्त्यास मुरूम हवा, म्हणून गाडी सहज लागेल तेथे खणावयास आरंभ करणे म्हणजे आपलीच जमीन गमावणे होय. प्रथम गरजेचा हिशोब करावा. १ किलोमीटर लांब व ३ मीटर रुंद रस्त्यावर १० सेंटिमीटरांचा दाबलेला थर देण्यास ३०० घनमीटर मुरूम लागतो. खाणीत दीड मीटर जाडीचा थर असल्यास त्याकरिता सुमारे २ गुंठे जागा पुरते. खणलेला सुटा मुरूम फुगतो. सबब गाड्यांच्या खेपा अधिक धराव्या.

पडीक माळावर चार-पाच ठिकाणी चाचणीचे खड्डे घेऊन जागा ठरवावी. ओला खडा बोटांनी चुरत असेल, तर पावसाळ्यात त्याचा चिखल होईल. खड्यांस धरून ठेवणारी बारीक माती मुळीच नसेल, तर उन्हाळ्यात थर सुटेल.

वरची सुपीक माती आधी काढून निराळी रचावी. मुरूम निघाल्यावर खाणीच्या बाजू उतरत्या करून तीच माती परत पसरावी. विहीर, ओढा व बांध यांपासून खाण दूर असावी. मुरूम हे गौण खनिज असल्याने महसूल खात्याची परवानगी खणण्यापूर्वीच घ्यावी.

रस्ता पुन्हा दुरुस्त करता येतो. वाहून गेलेली माती परत मिळत नाही.