खासगीपणाचा हक्क : न्यायालयापासून समाजमाध्यमांपर्यंत

भारतीय राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांच्या भागात ‘खासगीपणा’ हा शब्द आढळत नाही. त्यामुळे या हक्काचा इतिहास हा मुख्यतः न्यायनिर्णयांचा इतिहास आहे. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ, तर १९६२ च्या खरक सिंग खटल्यात सहा न्यायाधीशांच्या पीठाने असा हक्क मान्य केला नाही. विशेष म्हणजे, खरक सिंग खटल्यातच पोलिसांना संशयिताच्या घरी रात्री-अपरात्री जाण्याची मुभा देणारी उत्तर प्रदेशातील तरतूद रद्द झाली. दार ठोठावणे गैर ठरले; बाहेरून पाळत ठेवणे मात्र ठरले नाही! न्या. सुब्बा राव यांनी तेव्हा नोंदविलेले भिन्न मत पुढे ग्राह्य ठरले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचा अंगभूत भाग असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला.

या निकालातील एक मुद्दा परीक्षार्थींनी आवर्जून लक्षात घ्यावा. व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी आली, एवढ्यानेच तिचा खासगीपणा संपुष्टात येत नाही. लग्नसमारंभात छायाचित्रासाठी उभी राहणारी व्यक्ती संमती देते ती अल्बमपुरती. तेच छायाचित्र तिला न विचारता फेसबुकवर टाकले, की पाहणारे बदलतात आणि संमतीची मर्यादा ओलांडली जाते.

संमती विशिष्ट हेतूपुरतीच असते व ती मागे घेता येते, हे तत्त्व डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. मात्र व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा अधिनियम लागू नाही. काकांनी पुतणीची गुणपत्रिका कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली, तर तिला या कायद्याचा आधार नाही. अर्थात, शासनाने प्रत्येक घरात डोकावणे हाही खासगीपणाचाच भंग ठरेल.

गंभीर प्रकारांत मात्र कायदा घराचा उंबरठा ओलांडतो. संमतीविना शरीराच्या खासगी भागांचे चित्रण वा प्रसारण केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ई अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न बालकांचा आहे. व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती २०२३ च्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहते. आणि अठरा वर्षांखालील बालकाच्या बाबतीत ‘ज्याची माहिती ती व्यक्ती’ या व्याख्येत आईवडिलांचाही समावेश होतो. तेव्हा आईवडिलांनीच सर्वांसाठी खुली ठेवलेली बालपणीची छायाचित्रे त्या मुलाने स्वतः जाहीर केली असे मानायचे काय, हा प्रश्न ते मूल सज्ञान झाल्यावर न्यायालयापुढे येऊ शकेल.