राज्याचा 'आर' एकच्या खाली, मग आमच्याकडे रुग्ण का वाढतात?

प्रश्न : साथीच्या बातम्यांत राज्याचा 'आर' एकच्या खाली आल्याचे सांगतात, तरी आमच्या तालुक्यात रुग्ण वाढताना दिसतात. मग हा आकडा खोटा समजायचा का? तालुक्याचा वेगळा काढता येतो का?
– एक वाचक, अचलपूर

उत्तर : आकडा खोटा नाही, ती सरासरी आहे. एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते, हे 'आर' सांगतो. तो एकच्या वर असेल तर साथ वाढते, खाली असेल तर ओसरते. राज्याच्या सरासरीत मोठ्या शहरांचे वजन जास्त असल्याने एखाद्या जिल्ह्यातली वाढ झाकली जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत कोरोनाचे रुग्ण झपाट्याने वाढले, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी तुलनेने शांतता होती.

तालुक्याचा 'आर' काढता येतो, पण जपून वाचावा. रुग्ण चारावरून आठ झाले, तर त्यामागे एखादे लग्नही असू शकते. शिवाय लागण, लक्षणे, तपासणी आणि नोंद यांत दिवस जातात. म्हणून आजचा आकडा मागच्या आठवड्याचे चित्र दाखवतो. तपासण्या अचानक वाढल्या तरी तो फुगतो.

त्यामुळे सात दिवसांची सरासरी, तपासलेल्या शंभरांमागे बाधित किती आणि रुग्णालयात नव्याने दाखल किती, हे तिन्ही एकत्र पाहा. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंध सैल करतानाही बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा पाहूनच निर्बंधांचे स्तर ठरवले होते.

घाबरू नका. मात्र राज्याचा आकडा चांगला आहे म्हणून ताप अंगावर काढू नका. वेळेत तपासणी करा आणि घरातल्या वृद्धांना जपा.